थांबायचं कधी, ते लढत ठरलेली नसताना ठरवा

माझ्याकडे बॉक्सिंगच्या स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराशी प्रत्यक्ष ठोसे मारत केलेल्या सरावाची, एक वही आहे. १९व्या वर्षी माझ्या पहिल्या कोचनी ती लिहायला लावली आणि शेवटपर्यंत मी ती लिहिली. प्रत्येक पानावर तीन रकाने: राउंड किती झाले, समोर कोण होतं, आणि डोक्यावर स्वच्छ बसलेले ठोसे किती. तिसऱ्या रकान्यावर कोचचा सर्वांत जास्त जोर होता. "मारलेले मी मोजतो, खाल्लेले तू मोज," असं ते म्हणायचे. ३२व्या वर्षानंतरच्या पानांवर हा तिसरा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा आहे. कंटाळा केला म्हणून नव्हे. रात्री वही उघडून बसायचो आणि आकडा आठवायचा नाही.

मी ३४व्या वर्षी थांबलो. त्या कोऱ्या रकान्यांचा अर्थ मला त्यानंतर सहा वर्षांनी लागला, दुसऱ्यांच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे लढतीत बॉक्सरला सांभाळणाऱ्या माणसांत, उभा राहायला लागल्यावर. थांबायची वेळ झाली का, हे ज्या मेंदूने ठरवायचं, मार त्यालाच बसत असतो. त्यामुळे हा निर्णय त्याच्या एकट्यावर सोडता येत नाही. हरलेल्या रात्री तर नाहीच, आणि पुढच्या लढतीचा करार समोर असताना मुळीच नाही. तो आधी घ्यायचा, कागदावर घ्यायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा. हे कसं करायचं ते इथे लिहितो आहे. तिशी ओलांडलेल्या बॉक्सरने वाचावंच, पण त्याच्या कॉर्नरमधल्या आणि घरातल्या माणसांनी जास्त लक्ष देऊन वाचावं.

आधी राउंड मोजा, वय नंतर

वयाचा विषय काढला की समोरचा लगेच दोन नावं घेतो. जॉर्ज फोरमन १९९४मध्ये ४५व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला, आणि बर्नार्ड हॉपकिन्स ५१व्या वर्षापर्यंत लढला. दोन्ही खरं आहे. पण फोरमन १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं रिंगपासून लांब होता, आणि हॉपकिन्सचा सगळा खेळच ठोसा न खाण्यावर उभा होता. दुसरीकडे विल्फ्रेड बेनितेझ १७व्या वर्षी जगज्जेता झाला, १९९०मध्ये शेवटचा लढला, आणि पुढचं आयुष्य मेंदूच्या आजारात परावलंबी होऊन काढतो आहे. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये वयाची मर्यादा ४० आहे, ती ओलांडू नये अशी शेवटची भिंत आहे. तिथपर्यंत जायलाच हवं असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून कागद घ्या आणि हिशेब मांडा. आठवड्याला ३ दिवस स्पारिंग, दर वेळी ५ राउंड, वर्षातले ४० आठवडे. वर्षाला ६०० राउंड झाले. १५ वर्षांत ९०००. याच माणसाने १० राउंडच्या ४० व्यावसायिक लढती शेवटपर्यंत खेळल्या तरी त्या ४०० राउंडच भरतात. "माझ्या फक्त २५ लढती झाल्यात" असं सांगणाऱ्याला मी हा हिशेब करायला लावतो. आकडा वाचताना बहुतेकांचा आवाज उतरतो. मेंदूला लढत आणि सराव यातला फरक कळत नाही, त्याला फक्त धक्के कळतात, आणि बेशुद्ध न पाडणारे हजारो धक्केसुद्धा साचत जातात.

हा हिशेब स्वतः करा, कोचला करू देऊ नका. कोचला स्पारिंग कमी करून आठवायची सवय असते. मीही तसंच आठवतो.

आत काय होतं ते समजून घ्या

कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. जॅबपेक्षा (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हुक (बाजूने वळवून मारलेला) आणि अपरकट (खालून वर मारलेला) वाईट, कारण त्यांनी डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदू मागे राहून मग ओढला जातो. मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा असतात. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्या शिरा ताणल्या जातात, आणि तरुणपणी जो धक्का पचला असता त्याने त्या फाटू शकतात. मग आवरणाखाली रक्त साचतं. रिंगमधल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. वजन उतरवण्यासाठी शरीरातलं पाणी काढून लढायला उतरणाऱ्याचा धोका आणखी वाढतो, आणि वय वाढलं की वजन उतरवायला जास्त पाणी काढावं लागतं, हे प्रत्येक जुन्या बॉक्सरला ठाऊक आहे.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. १९२८मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी बॉक्सरांमधल्या अशा विकाराचं वर्णन पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. झोकांड्या, जड जीभ, मंद हालचाल, पुढे स्मृती जाणं. आज त्याला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे वारंवारच्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार) म्हणतात. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, आणि लक्षणं बहुधा लढणं थांबल्यावर अनेक वर्षांनी उठून दिसतात. आज बरं वाटतंय हा पुरावा म्हणून चालत नाही, तो यामुळे.

महिन्यातून एकदा स्वतःला मोजा

घरी करायच्या या चाचण्यांनी आजाराचं निदान होत नाही. त्यांचा उपयोग एकच: आजचे तुम्ही आणि दोन वर्षांपूर्वीचे तुम्ही यांची तुलना. म्हणून त्या बरं असतानाच सुरू करायच्या.

सर्वांत आधी आवाज. एक ठरलेला उतारा दर महिन्याला फोनवर वाचून ठेवा, आणि नंतर दोन मिनिटं दिवसभरात काय झालं ते न वाचता बोला. मुहम्मद अलींच्या जुन्या मुलाखती संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसलं, की २६ ते ३९ या वयात त्यांच्या बोलण्याचा वेग जवळजवळ २६ टक्क्यांनी मंदावला होता. पार्किन्सन्सचं निदान झालं १९८४मध्ये, ४२व्या वर्षी. म्हणजे आवाज कितीतरी वर्षं आधी सांगत होता, आणि ज्या माणसाच्या बोलण्यावर जग फिदा होतं त्याच्याबाबतीतही ते वेळेवर कुणी मोजलं नाही. माझं ध्वनिमुद्रण नाही. माझी बायको सांगते की ३३व्या वर्षी मी वाक्याचे शेवट गिळायला लागलो होतो. मला ती थट्टा करते असं वाटायचं.

मग पट्टी. ३० सेंटीमीटरची पट्टी दुसऱ्याने उभी धरायची, शून्याचं टोक तुमच्या उघड्या अंगठा आणि तर्जनीमध्ये. तो न सांगता सोडतो, तुम्ही पकडता. १५ सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७ सेकंद, २० वर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद. दहा वेळा करा, सरासरी लिहा, वेळ आणि दिवस तोच ठेवा, स्पारिंगच्या दुसऱ्या दिवशी नको. एका महिन्यात आकडा वाढला म्हणून घाबरू नका. सलग तीन महिने आकडा वर गेला तर ती बातमी आहे.

तिसरं, सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं, आधी डोळे उघडे, मग मिटून. कुणीतरी शेजारी उभं राहावं. याचं चित्रीकरण करा. स्वतःचा तोल जातो हे स्वतःला कळत नाही, पडद्यावर मात्र लख्ख दिसतं.

या मोजमापांपेक्षाही मी रिंगमध्ये दिसणाऱ्या काही गोष्टींना जास्त वजन देतो. लोक म्हणतात आधी पाय जातात. माझ्या पाहण्यात आधी जॅब परत येताना खाली राहायला लागतो. मग ठोसा दिसतो पण चुकवता येत नाही, आणि बॉक्सर कॉर्नरमध्ये येऊन म्हणतो, "सर, दिसत होता हो." हे वाक्य दोन स्पारिंगमध्ये ऐकलं की मी पेन काढतो. मग आपल्यापेक्षा दोन वजनगट खालच्या पोराच्या ठोशाने गुडघे वाकतात. मग डोकेदुखी दुसऱ्या सकाळी उरते, पुढे तिसऱ्या दिवशीही. मग घरी चिडचिड, झोप तुटणं, गाडी कुठे लावली ते विसरणं, तीच गोष्ट एका तासात दुसऱ्यांदा सांगणं. यातलं शेवटचं बॉक्सरला कधीच कळत नाही. म्हणून घरातल्या एका माणसाला दर महिन्याला विचारा, "माझ्यात काय वेगळं दिसतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका. ते उत्तर त्यांच्याच अक्षरात वहीत लिहून घ्या.

डॉक्टरकडे जाताना खरं बोला

लढायचा परवाना मिळवण्यासाठीची तपासणी आणि स्वतःसाठीची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बॉक्सर लपवतो. मी दोन वेळा लपवलं, एकदा सरावात बेशुद्ध पडलो होतो ते, आणि एकदा डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते ते.

स्वतःसाठी जाल तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा आणि वही सोबत न्या. मेंदूचा एमआरआय करून घ्या आणि तो जपून ठेवा. पुढच्या वेळी जुन्याशी ताडून बघता येणं यातच त्याची खरी किंमत आहे. स्मृती, लक्ष आणि विचारांचा वेग यांच्या लेखी चाचण्या मागून घ्या. एमआरआय स्वच्छ आला तरी या चाचण्या घसरलेल्या असू शकतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून आतल्या पडद्याची तपासणी करून घ्या, आणि डोळ्यातल्या दाबाचीही. शुगर रे लेनर्डला १९८२मध्ये डोळ्याच्या पडद्यासाठी थांबावं लागलं होतं. ठिपके, विजेसारख्या चमका, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर दुसरा दिवस उजाडायची वाट पाहू नका. सततचा थकवा, स्नायू उतरणं, कामेच्छा जाणं असं असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची संप्रेरकं तपासायला सांगा. डोक्यावरच्या माराने ती ग्रंथी दुखावू शकते, आणि बॉक्सर त्याला "वय झालं" म्हणून सोडून देतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विषय संपला, रिंगमध्ये पाय टाकायचा नाही.

काही गोष्टींवर चर्चाच करू नका: कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला असणं, फिट येणं, एका बाजूला कमजोरी, जुन्या एमआरआयच्या तुलनेत नवा बदल. यातलं एक जरी असेल तरी आजच थांबा.

आणि परवाना मिळाला म्हणजे धोका नाही असं समजू नका. १९८०मध्ये लॅरी होम्सशी लढण्याआधी अलींची तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना, बोटाने नाक शिवताना चुका होतात, अशा नोंदी अहवालात होत्या. परवाना तरीही मिळाला. २ ऑक्टोबरच्या त्या रात्री दहा राउंड जे झालं ते बघवत नाही. मी ते चित्रीकरण मुलांना दाखवतो, एकदाच.

चिठ्ठी

आता मुख्य काम. लढत ठरलेली नसेल अशा महिन्यात एक चिठ्ठी लिहा. दोन माणसं निवडा, एक कॉर्नरमधला आणि एक घरचा. तुमच्या लढण्यावर ज्याची मिळकत चालते तो या दोघांत नको. चिठ्ठीत अटी आकड्यांत लिहा, भावनेत नको. "शरीर सांगेल तेव्हा" ही अट नव्हे. माझ्याकडच्या एका ३३ वर्षांच्या बॉक्सरची चिठ्ठी अशी आहे:

"पुढीलपैकी एक घडलं तर मी पुन्हा लढणार नाही. १२ महिन्यांत दोन वेळा रेफरीने लढत थांबवली. लढतीत किंवा सरावात एकदाही शुद्ध हरपली. पट्टीचा आकडा सलग तीन महिने वर गेला आणि डॉक्टरांच्या चाचणीतही घसरण दिसली. तुम्ही दोघांनी मिळून थांब म्हटलं, मग कारण पटो न पटो. मी त्या वेळी वाद घालेन. तो वाद ऐकून घ्या, पण निर्णय बदलू नका."

शेवटची तीन वाक्यं त्याने स्वतःहून लिहिली.

कारण वाद होतोच. माझ्या दुसऱ्या कोचनी मला ३२व्या वर्षी थांब म्हटलं. मी कोच बदलला. कोऱ्या रकान्यांची दोन वर्षं ती हीच. फ्रेडी रोच हा पुढे नावाजलेला प्रशिक्षक झाला, पण खेळत असताना त्याचे गुरू एडी फुच त्याला थांब म्हणत होते तेव्हा तो आणखी काही लढती लढलाच. १९८६मध्ये थांबला तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि पुढे पार्किन्सन्सने त्याला गाठलं. हेच एडी फुच १ ऑक्टोबर १९७५ला मनिलामध्ये जो फ्रेझरच्या कॉर्नरमध्ये होते. चौदा राउंड झाले होते, एकच उरला होता, फ्रेझरला नीट दिसत नव्हतं आणि तो उठायला बघत होता. फुचनी लढत थांबवली. कॉर्नरमधल्या माणसाला माझं सांगणं एवढंच, की फ्रेझरने त्या क्षणी परवानगी दिली नव्हती आणि फुचनी ती मागितली नाही. टॉवेल फेकायला, म्हणजे कॉर्नरमधून लढत थांबवायला, बॉक्सरची संमती लागत नाही.

आणि ऐकलंच जात नसेल तर निघून जा. अलींचे डॉक्टर फर्डी पचेको १९७७मध्ये अर्नी शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर मूत्रपिंडाचा अहवाल सगळ्यांना पाठवून उत्तर न मिळाल्यावर बाजूला झाले. त्यांच्या जाण्याने अली थांबले नाहीत. पण चुकीच्या कामाला तुमचा हात तरी लागत नाही.

पैसा आणि "एक शेवटची"

मी पाहिलेले बहुतेक बॉक्सर प्रेमापोटी नाही, पैशापोटी उशिरापर्यंत लढले. जो लुईसारखा माणूस करांच्या थकबाकीमुळे परत आला आणि १९५१मध्ये ३७व्या वर्षी रॉकी मार्सियानोकडून आठव्या राउंडमध्ये दोरांबाहेर फेकला गेला. म्हणून थांबायच्या निदान दोन वर्षं आधी दुसरी मिळकत सुरू झालेली असू दे, लहान का असेना. ती नसेल तर चिठ्ठीतल्या सगळ्या अटी पहिल्या फोनवर वाकतात.

"एक शेवटची लढत" मागणाऱ्याला मी विचारतो, जिंकलास तर थांबशील? हो म्हणतो. हरलास तर? गप्प बसतो. जिंकला तर पुढची मिळते, हरला तर असं थांबता येत नाही, म्हणजे शेवटची अशी नसतेच. जेरी क्वारी १९९२मध्ये ४७व्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये उतरला. सात वर्षांत तो गेला, आणि अखेरच्या काळात त्याला स्वतःचं स्वतः काही करता येत नव्हतं. याउलट मार्व्हिन हॅगलर १९८७मधल्या वादग्रस्त पराभवानंतर परत फिरलाच नाही, आणि त्याचं मोठेपण तसूभरही कमी झालं नाही. लेनॉक्स लुईस जगज्जेता असतानाच २००४मध्ये बाजूला झाला. तुमची शेवटची लढत कदाचित होऊनही गेली असेल, तुम्हाला त्या रात्री ते माहीत नव्हतं इतकंच. असं मान्य करणं अवघड आहे, मला वर्ष लागलं.

थांबल्यानंतर

स्पारिंग एका दिवसात बंद करा, सराव एका दिवसात बंद करू नका. शरीराला रोज ठरलेल्या वेळी घाम लागतो. तो अचानक काढून घेतला की माणूस ढासळतो. त्याच वेळी उठा, धावा, दोरीवर उड्या मारा, हेवी बॅग मारा. पहिले सहा महिने मन फार उदास राहिलं, जगू नये असं वाटलं, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. मार खाल्लेल्या मेंदूचाही त्यात हात असू शकतो, तो मनाचा दुबळेपणा नव्हे.

एक दिलासा खरा आहे. लढवय्यांच्या मेंदूवर २०११पासून चाललेल्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं, की लढणं थांबवलेल्यांच्या काही चाचण्या नंतर स्थिरावतात, काहींत थोडी सुधारणाही होते, आणि लढत राहणाऱ्यांच्या मात्र घसरत जातात. झालेलं नुकसान पुसलं जातं असं नाही. पण आज थांबण्यात आणि दोन वर्षांनी थांबण्यात फरक आहे.

शेवटी एक सापळा, ज्यात मी स्वतः अडकलो. निवृत्त झाल्यावर नव्या मुलांना "थोडं शिकवायला" म्हणून मी रिंगमध्ये उतरायचो, आठवड्याला चार-पाच राउंड. मी प्रतिकार कमी करायचो आणि ती पोरं जीव तोडून मारायची. दीड वर्ष हे चाललं. वहीत ते कुठेच नाही, कारण मी निवृत्त होतो. तुम्ही हे करू नका. आता मी फक्त ठोसे झेलायचे पॅड धरतो, पोटावर जाड संरक्षक बांधून. हुकसाठीचा पॅड चेहऱ्यापासून हातभर लांब ठेवतो, आणि मुलगा दमला, ठोसे भरकटायला लागले, की राउंड अर्धा उरला असला तरी पॅड खाली घेतो.